सुटी झालेली वीट : ‘प्रॉपर एज्युकेशन’ या रिमिक्सचा विचार

प्रॉग्रेसिव्ह रॉकमधील अभिजात गाण्याचे नृत्यासाठी रिमिक्स करणे म्हणजे मूळ कृतीची विटंबना होय, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. पिंक फ्लॉइडच्या ‘अनदर ब्रिक इन द वॉल, भाग २’वर आधारलेले, स्वीडिश डीजे एरिक प्रिड्झ यांचे ‘प्रॉपर एज्युकेशन’ २००७ मध्ये ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. त्याच्या संदर्भात हा आक्षेप टिकत नाही. १९७९च्या मूळ गाण्याला डिस्कोचा ठेका मिळाला तो निर्माते बॉब एझ्रिन यांच्या आग्रहाने. कडवे एकच होते. ध्वनिफितीची नक्कल जोडून ते दुप्पट करण्यात आले आणि दुसऱ्या वेळी त्यावर लंडनमधील इझलिंग्टन ग्रीन शाळेतील मुलांचे आवाज चढविण्यात आले. रिमिक्सचे तंत्र मूळ कृतीतच होते.

हानी होते ती अन्यत्र. ‘द वॉल’मध्ये हे गाणे जाचक शिक्षकांविषयीचे गीत आणि ‘मदर’ यांच्यामध्ये येते. रिमिक्समध्ये ही वीट सुटी होते. अर्थात, दक्षिण आफ्रिकेत १९८० मध्ये शाळांवर बहिष्कार टाकणाऱ्या विद्यार्थ्यांनीही ती सुटीच उचलली होती. परंतु त्यांनी ती आपल्या लढ्यात बसविली, आणि वर्णभेदी सरकारला गाण्यावर बंदी घालावी लागली. प्रिड्झ यांच्या चित्रफितीत मुले घराघरांत शिरून वीज वाचवितात, पाणी वाचविण्यासाठी शौचालयाच्या टाकीत वीट ठेवतात. विनोद चांगला आहे. तथापि मुलांचा तो समूहस्वर ज्या शिक्षकाला उद्देशून होता, त्याची जागा येथे विजेच्या उपकरणांनी घेतली आहे.