हस्तलिखित कोणाच्या हाती द्यावे?

आमच्याकडे अधूनमधून हस्तलिखिते येतात. कोणी आईवडिलांच्या आठवणी लिहिलेल्या असतात, कोणी धर्मग्रामाचा इतिहास, कोणी कादंबरी. सोबत विनंती असते : 'फादर, जरा नजर घाला.' आम्ही ऱ्हस्वदीर्घ सुधारतो, श्रद्धेच्या शिकवणुकीला बाध आणणारे एखादे वाक्य खोडतो आणि वही परत करतो. संपादन झाले, असे समाधान लेखकाला व आम्हांलाही वाटते. वस्तुतः संपादनाला आरंभही झालेला नसतो.

या संदर्भात फ्लॅनरी ओ'कॉनर (१९२५-१९६४) या अमेरिकन कॅथोलिक लेखिकेच्या 'वाईज ब्लड' ह्या पहिल्या कादंबरीची घडण उद्बोधक आहे. १९४७ साली या अपुऱ्या कादंबरीला राइनहार्ट या प्रकाशनसंस्थेचा पुरस्कार मिळाला. १९४९ मध्ये काही प्रकरणे वाचून तेथील संपादक जॉन सेल्बी यांनी ती रूढ वळणाची व्हावी, असे सुचविले. लेखिकेचे वय तेव्हा अवघे तेवीस. टीका ऐकण्यास आपण तयार आहोत, परंतु जे पुस्तक आपण लिहू पाहतो त्याच्याच कक्षेतली, असे त्यांनी ठामपणे कळविले.

त्यांचा नायक हेझल मोट्स हा प्रवचनकाराचा नातू. सैन्यातून परतल्यावर तो रस्त्यावर उभा राहून 'ख्रिस्ताविना चर्च'चा प्रचार करतो, पण ख्रिस्त त्याची पाठ सोडत नाही. हे विक्षिप्तपण काढून टाकले असते, तर कादंबरीचा प्राणच गेला असता. सेल्बी यांना संपादनाचे ज्ञान नव्हते, असे आम्ही म्हणणार नाही. त्यांना दुसरेच पुस्तक हवे होते, एवढेच.

पुढे हार्कोर्ट ब्रेस या संस्थेतील रॉबर्ट जिरू यांनी ते पुस्तक आहे तसे ओळखले. १९५१ साली कादंबरीकार कॅरोलाइन गॉर्डन यांनी हस्तलिखित वाचून सविस्तर पत्र लिहिले : महत्त्वाच्या प्रसंगी घाई नको, भोवतालचे दृश्य वाचकाला दिसू द्या. ओ'कॉनर यांनी पुन्हा लेखन केले व १९५२ साली कादंबरी प्रसिद्ध झाली. सेल्बींना नकार देणारी हीच लेखिका गॉर्डन यांच्यापुढे विद्यार्थिनी झाली, हे आमच्या स्वाभिमानी लेखकांनी विसरू नये.

यावरून कामांचा भेद ध्यानात यावा. पुस्तकाचा आकार पाहणारा संपादक प्रथम हवा : काय गाळावे, काय वाढवावे, आरंभ कोठे करावा, हे तो सांगतो. वाक्ये नीट करणारा भाषासंपादक त्यानंतर, आणि मुद्रितशोधक सर्वांत शेवटी. जे प्रकरण मुळातच गळणार, त्याचे ऱ्हस्वदीर्घ तपासणे व्यर्थ होय. धर्मगुरूचे परीक्षण याहून निराळे. कॅनन लॉच्या ८३० व्या कलमानुसार परीक्षकाने श्रद्धा व नीती यांविषयीची ख्रिस्तसभेची शिकवण तेवढीच पाहावयाची असते. 'निहिल ओब्स्तात' मिळाले म्हणजे पुस्तक वाचनीय ठरले, असे नव्हे.

निवेदकाची भाषा आणि पात्रांची बोली यांची सरमिसळ होऊ नये, असा गॉर्डन यांचा आणखी एक आग्रह असे. तो आम्हांला फार जवळचा वाटतो. वसईच्या एखाद्या लेखकाची आजी सामवेदी बोलते. केवळ व्याकरण जाणणारा सुधारक तिचे बोलणे प्रमाण मराठीत आणतो. पानावर एकही चूक उरत नाही आणि आजीही उरत नाही. ती पिढी आता मावळत आहे. तिचे शब्द छापील पानावर राहिले नाहीत, तर नातवंडांना ते ऐकविणार कोण?

म्हणून लेखकाने संपादकाचे नाव, पदवी वा झगा पाहू नये. एक प्रकरण वाचावयास द्यावे आणि 'हे पुस्तक कशाविषयी आहे?' असे विचारावे. त्याच्या उत्तरात आपले पुस्तक ओळखू आले, तर त्याची कठोर सूचनाही मनावर घ्यावी. न आले, तर आभार मानून वही परत घ्यावी.

आमच्यापुरते सांगायचे, तर यापुढे कोणी 'नजर घाला' म्हणाले, की कोणत्या कामासाठी, हे आम्ही प्रथम विचारू. ते काम आमचे नसेल, तर योग्य माणसाचे दार दाखवू.