शिशाच्या मागावर : डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांचे आत्मचरित्र

विषशास्त्र म्हटले की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे परीक्षानळी, पांढरे उंदीर, फार तर एखादा पोलिसी तपास उभा राहतो. कारखान्यातला कामगार काही उभा राहत नाही. तो ज्यांना दाखवायचा असेल त्या शिक्षकांनी डॉ. ॲलिस हॅमिल्टन (१८६९-१९७०) यांचे 'एक्सप्लोअरिंग द डेंजरस ट्रेड्स' हे १९४३ साली निघालेले आत्मचरित्र जरूर मिळवावे. पुस्तक निर्दोष नाही, त्याबद्दल पुढे लिहूच.

हॅमिल्टनबाई वैद्यकीच्या पदवीधर. जर्मनीत जीवाणुशास्त्र शिकून आल्या आणि १८९७ पासून शिकागोच्या हल हाऊसमध्ये, परदेशातून आलेल्या गरीब कामगारांच्या वस्तीत राहू लागल्या. १९१० साली इलिनॉय राज्याने व्यवसायजन्य रोगांची पाहणी काढली आणि शिशाचे काम त्यांनी उचलले. कारखानदारांचे म्हणणे ठरलेले असे : कामगार हात न धुता जेवतात, म्हणून शिसे पोटात जाते, दोष त्यांचा. बाईंनी दाखवले की खरी वाट श्वासाची आहे. सफेद्याची कोरडी भुकटी आणि वितळलेल्या शिशाचा धूर दिवसभर नाकावाटे आत जात असेल, तर जेवणापूर्वी कितीही हात धुवून उपयोग काय?

पुस्तकातला आम्हाला सर्वांत आवडलेला भाग न्हाणीच्या टबांचा. शिशाची जबर बाधा झालेला एक पोलिश कामगार सापडला. काम टबांवर एनॅमल चढवण्याचे. व्यवस्थापनाने सांगितले, आम्ही शिसे वापरतच नाही. बाईंनी कामाची जागा पाहिली, रंग कुठून येतो ते शोधले. त्यात शिसे नव्हते. एखाद्याने इथे फाईल बंद केली असती. त्या मात्र त्या कामगाराच्या घरी गेल्या. तेव्हा कळले, की दाखवली गेली ती केवळ शेवटचा हात फिरवण्याची जागा. खरे काम शहराच्या दुसऱ्या टोकाला चालते. तिथे लालभडक तापलेल्या टबावर एनॅमलची बारीक भुकटी शिंपडत होते, हवा त्या धुळीने दाटलेली होती. नमुना तपासला, तर विद्राव्य शिसे २० टक्क्यांपर्यंत! नियंत्रित प्रयोग म्हणजे काय हे आपण वर्गात शिकवतो. प्रश्न कुणाला विचारायचा हे शिकवतो का?

आणि रुग्ण मोजताना त्या कठोर होत्या. निदान भक्कम हवे, किंवा हिरड्यांवरची काळसर निळी रेघ स्पष्ट दिसायला हवी. (तोंडातल्या जीवाणूंपासून निघणाऱ्या गंधकयुक्त वायूशी शिशाचा संयोग होऊन तिथे शिशाचे सल्फाइड साचते, रसायनशास्त्राच्या तासाला हे सांगता येईल.) एवढे गाळूनही ५७८ रुग्ण आणि शिसे वापरणाऱ्या सत्तरहून अधिक प्रक्रिया हाती आल्या. १९११ मध्ये राज्यात कायदा झाला.

ही कठोरता आली कुठून? १९०२ मध्ये शिकागोत विषमज्वराची साथ आली, तेव्हा बाईंनी तिचा ठपका माश्यांवर ठेवला होता. निबंध गाजला. पुढे उघड झाले, की पिण्याच्या पाण्याच्या नळांत सांडपाणी शिरले होते आणि ते दडवून ठेवले गेले होते. माश्यांची कीर्ती मात्र बाईंचा पिच्छा सोडीना, हे त्यांनी स्वतःच मोकळेपणी लिहिले आहे. अशी पाने शास्त्रज्ञांच्या चरित्रांत विरळाच.

आता तक्रारी. एक, आकड्यांचा दुष्काळ. हवेत धूळ किती, कामगार किती काळ तिथे, लक्षणे कधी, ही विषशास्त्राची मूळ भाषा इथे फारशी येत नाही. त्यासाठी बाईंचाच १९२५ चा अमेरिकेतील औद्योगिक विषांवरचा ग्रंथ पाहावा लागतो.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. मालकाला पुरावा दाखवला की तो सुधारतो, यावर बाईंचा फार विश्वास. त्याला कारणही होते. केंद्र सरकारसाठी पाहणी करताना कारखान्यात शिरण्याचा कायदेशीर अधिकारच त्यांना नव्हता, समजावणे एवढेच हत्यार. नॅशनल लेड कंपनीचे एडवर्ड कॉर्निश आधी मानायला तयार नव्हते, पुरावा पाहून त्यांनी सुधारणा केल्या, हेही खरे. पण टेट्राएथिल लेडचे काय? १९२४ मध्ये न्यू जर्सीत ते बनवताना पाच कामगार दगावले. मे १९२५ च्या वॉशिंग्टन परिषदेत बाईंनी शिसेयुक्त पेट्रोलला विरोध केला. नेमलेल्या समितीला १९२६ मध्ये बंदीस पुरेसे कारण दिसले नाही, आणि विक्री पुन्हा सुरू झाली. टबवाल्या कामगाराला रुग्णालयात पाहता येत होते. रस्त्यावर थोडे थोडे शिसे घेणाऱ्या मुलाच्या हिरड्यांवर रेघ उमटणार नव्हती. जी पद्धत तीव्र विषबाधा पकडते, ती मंद विषबाधेपुढे अपुरी पडते, हा मुद्दा चर्चेला घ्यायला बाईंइतके अधिकारी कोण होते? पुस्तकात तो नीट येत नाही.

भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली थांबले. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, २०२१ मध्ये.

हार्वर्डने १९१९ मध्ये त्यांना आपली पहिली महिला अध्यापक म्हणून घेतले. १९३५ मध्ये त्या निवृत्त झाल्या तेव्हाही पद साहाय्यक प्राध्यापकाचेच होते. पुस्तकाचे इंग्रजी सोपे आहे. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना टबांचा भाग मूळातूनच वाचायला द्यावा.