समाप्तीचा भंग : ‘किंग काँग’ आणि त्याचा उत्तरभाग

गाजलेल्या चित्रपटाचा उत्तरभाग घाईने काढला की तो फसतो, हे विधान आता इतके रूढ झाले आहे की त्याची कारणमीमांसा करण्याची निकड सहसा कोणाला भासत नाही. पैशाचा लोभ, वेळेची टंचाई, कल्पकतेचे दारिद्र्य ही नेहमी पुढे केली जाणारी कारणे खोटी नाहीत. परंतु ती निर्मितिव्यवहाराची कारणे आहेत. फसलेला उत्तरभाग हा केवळ आणखी एक सुमार चित्रपट असेल, तर त्यामुळे मूळ कृतीचे काय बिघडते? आणि काही बिघडत असेल, तर ते नेमके कोठे? वादाची धूळ केव्हाच खाली बसली आहे अशा एका जुन्या उदाहरणाच्या आधारे या प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

मेरियन सी. कूपर आणि अर्नेस्ट बी. शोडसॅक यांचा ‘किंग काँग’ मार्च १९३३मध्ये न्यूयॉर्कला प्रदर्शित झाला. एकट्या शोडसॅक यांनी दिग्दर्शित केलेला ‘सन ऑफ काँग’ हा त्याचा उत्तरभाग त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये पडद्यावर आला. दोहोंमध्ये दहा महिन्यांचेही अंतर नाही. विलिस ओब्रायन यांनी काँगला ज्या तंत्राने सजीव केले ते तंत्र तर घाईला मुळातच प्रतिकूल होते. लहानशी प्रतिकृती किंचित हलवायची, एक चौकट चित्रित करायची, ती पुन्हा हलवायची. अशा चोवीस चौकटी जुळल्या म्हणजे पडद्यावरचा एक सेकंद भरणार. अशा कामातला वेळ कापला की कृतीतली दृश्येच कापली जातात. मूळ चित्रपट सुमारे शंभर मिनिटांचा, तर उत्तरभाग सत्तर मिनिटांत आटोपतो आणि शीर्षकातला ‘पुत्र’ निम्मा चित्रपट उलटून गेल्यावर प्रथम दिसतो. घाईचा हा उघड पुरावा झाला. खरी हानी मात्र अर्थाच्या पातळीवर घडली आहे.

‘किंग काँग’च्या समाप्तीत दोन गोष्टी एकवटल्या आहेत. पहिली, काँगचे एकाकीपण. तो आपल्या जातीचा एकटाच आहे. म्हणून एम्पायर स्टेट इमारतीच्या माथ्यावरून तो कोसळतो तेव्हा एका प्राण्याबरोबर एक अख्खे जगच संपल्यासारखे वाटते. दुसरी, डेनहॅमचा अपराध. त्याला बेटावरून पकडून, साखळदंडांत जखडून, तिकीट लावून उभा करणारा माणूस अखेरीस त्याच्या मृतदेहापाशी येतो आणि त्या मृत्यूचे खापर सौंदर्यावर फोडून मोकळा होतो. प्रेक्षकाला हे स्पष्टीकरण पटत नाही आणि पटू नये अशीच चित्रपटाची रचना आहे. न पटलेल्या त्या स्पष्टीकरणातून करुणाला धार येते. मूळ कृतीचा घाट या अस्वस्थतेवर पूर्ण होतो.

उत्तरभाग या दोन्ही गोष्टी मागे घेतो. काँगला पुत्र होता असे म्हणताच त्याचे एकाकीपण पूर्वलक्ष्यी प्रभावाने रद्द होते. हा पुत्र पांढरा, आकाराने लहान, डोळे फिरवून हसविणारा आणि माणसांच्या मदतीला धावणारा आहे. ज्या भयातून करुण जन्मला त्या भयाची ही बालसुलभ आवृत्ती होय. डेनहॅमचा हिशेब त्याहूनही स्वस्तात मिटतो. आरंभी तो खटल्यांना तोंड चुकवीत लपून बसला आहे, त्याच्या मनात पश्चात्तापही आहे. येथे एका गंभीर चित्रपटाचे बीज होते, हे मान्यच केले पाहिजे. परंतु या पश्चात्तापाला वाढायला अवधीच दिलेला नाही. बेटावर डेनहॅम त्या पुत्राच्या दुखावलेल्या बोटाला पट्टी बांधतो, भूकंपात बेट बुडू लागते, तो पुत्र त्याला पाण्यावर उचलून धरतो आणि स्वतः बुडून मरतो. डेनहॅमच्या हाती खजिन्याचा वाटा आणि सहचारिणी दोन्ही लागतात. बापाला विकणाऱ्याला मुलाने जीव देऊन वाचवावे आणि गुन्ह्याचे स्थळही समुद्राने गिळून टाकावे! मूळ कृतीने ज्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले होते, त्याची ही निर्दोष मुक्तता आहे.

आपल्या काव्यशास्त्राने या दोषाला फार पूर्वीच नाव दिले आहे. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्योतात रसविरोधाची कारणे सांगताना पूर्ण परिपोष झालेल्या रसाचे पुन्हापुन्हा उद्दीपन करणे, हेही एक कारण गणले आहे. वारंवार हाताळलेल्या, कोमेजलेल्या फुलाची उपमा त्याने अशा रसाला दिली आहे. विरुद्ध रसाच्या विभावांचा स्वीकार हेही त्याच यादीतले कारण. हा विवेक अर्थातच एका प्रबंधाच्या अंतर्गत रचनेसंबंधीचा आहे. पण उत्तरभाग जेव्हा मूळ कृतीचे नाव, पात्रे आणि भूमी घेऊन उभा राहतो, तेव्हा दोहोंचा मिळून एकच प्रबंध आहे असा दावा तो स्वतःच करीत असतो. त्या दाव्याला ही कसोटी लावणे गैर ठरू नये. चौथ्या उद्योतात आनंदवर्धन महाभारताचा मुख्य रस शांत ठरवितो, तो वृष्णी आणि पांडव यांच्या विषण्ण अंताकडे पाहून. अंत हा असा संपूर्ण कृतीच्या अर्थाचा नियंता असेल, तर अंत बदलणारा मागे जाऊन आरंभही बदलीत असतो.

मग दोष केवळ शीघ्रतेचा मानावा काय? सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ १९५५चा आणि ‘अपराजितो’ १९५६चा. अंतर वर्षभराचेच, आणि तरीही ‘अपराजितो’ला १९५७मध्ये व्हेनिस येथे सुवर्णसिंह मिळाला. बिभूतिभूषणांच्या कादंबऱ्यांचा आधार त्यामागे होता, हे खरे. तथापि महत्त्वाचे हे की, राय यांनी आधीचे काहीही परत घेतले नाही. दुर्गा गेली ती गेलीच. बैलगाडीतून काशीकडे निघालेले कुटुंब हा पहिल्या चित्रपटाचा शेवट, तो दुसऱ्यात प्रवास म्हणून पुढे चालतो आणि नव्या वियोगांपाशी पोहोचतो. तेव्हा कॅलेंडरावरील घाई दुय्यम आहे. मूळ कृतीच्या शेवटाचा अर्थ मुरण्यापूर्वीच त्याची भरपाई करायला निघणे, ही खरी घाई.

मूळ चित्रपटाची रीळे तर तशीच राहतात, मग त्याचे बिघडले काय, असा आक्षेप येथे घेता येईल. संहिता अबाधित राहते हे खरे, परंतु आस्वाद संहितेच्या कडेला थांबत नाही. पुत्राला भेटून आलेला प्रेक्षक पित्याच्या मृत्यूकडे पूर्वीच्या डोळ्यांनी पाहू शकत नाही. ‘किंग काँग’ १९३८ आणि १९५२मध्ये पुन्हा प्रदर्शित होऊन प्रत्येक पिढीला नव्याने हलवू शकला, याचे एक कारण हे की, त्याचा उत्तरभाग बहुतेकांच्या विस्मरणात गेला. विस्मृतीने मूळ कृतीला वाचविले.

आज ही सोयही उरलेली नाही. पुढचे भाग आधीच ठरवून चित्रपट काढले जातात, त्यामुळे पहिल्याच कृतीला स्वतःचा अंत नाकारला जातो. ‘सन ऑफ काँग’ने एक समाप्ती भंगली, पण भंगण्यासाठी तेथे समाप्ती तरी होती. ज्या कृतीत कोणाचा मृत्यू अंतिम नाही आणि कोणाचा अपराध कायम नाही, तिच्यात करुण संभवतो काय, हा प्रश्न आता समीक्षेने उत्तरभागांपेक्षा मूळ कृतींनाच विचारावयास हवा.