छायाचित्रांची कालनिश्चिति व ब्लॉकचेन

रेवदंड्याच्या कोटांतील सातखणी बुरुजाचे अवशेष आज नित्य टिपले जातात. अमुक भिंत अमुक दिवशीं उभी होती, हें पुढें अशा चित्रांवरूनच ठरवावें लागेल. त्यास ब्लॉकचेनची कालमुद्रा पुरेशी आहे, या मताचें परीक्षण अवश्य आहे.

चित्रांत एक बिंदु बदलला तरी त्याचा ‘हॅश’ नामक गणिती ठसा जुळत नाहीं. तो ठसा बिटकॉइनच्या साखळींत गोविला म्हणजे त्याचा काळ मागें सारतां येत नाहीं. शिवकालीन पत्राअखेरच्या मोर्तबाचें हेंच काम : तदुत्तर अक्षर घुसडतां येऊं नये.

परंतु मोर्तबानें मजकूर खरा ठरत नाहीं. मुद्रेनें केवळ उत्तरमर्यादा कळते. चित्र तत्पूर्वीं किती काळ होतें, कोणीं व कोठें काढलें, याविषयीं ती मूक आहे. कृत्रिम चित्रासहि ती मिळते. ही साखळी २००९ पासूनची; १९७० च्या चित्रावर आज मुद्रा घेतल्यास तिथि आजचीच पडेल. नकलेची तिथि ती ग्रंथाची नव्हे, हें पोथ्या चाळणारास सांगावयास नको.

शिवाय व्हॉट्सॲपनें धाडलेलें चित्र आकुंचित होऊन ठसा बदलतो. तेव्हां मूळ प्रत जपून स्थळ, दिशा व काढणाराचें नांव यांचें टिपण तिच्यासह मुद्रांकित करावें. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रांतहि ठसा नोंदवावा लागतो. पण त्याखालीं मनुष्याची सही लागतेच.