महिला विद्यापीठाचा इतिहास व त्याचीं साधनें

इ. स. १९१६ मध्यें महर्षि कर्वे यांनीं पुण्याजवळ हिंगण्यास स्थापिलेल्या महिला विद्यापीठाचा वृत्तान्त बहुधा संस्थापक आणि सर विठ्ठलदास ठाकरसी यांची १५ लक्षांची देणगी (१९२०) यांभोंवतींच फिरतो. ज्या नाथीबाईंचें नांव विद्यापीठास लाभलें, त्या तेथें दात्याच्या मातोश्री एवढ्याच उरतात! आनंदीबाई कर्वे यांचें ‘माझे पुराण’ (१९४४) घरगुती आठवणी म्हणून बाजूस सारणें आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. शारदासदनांत शिकून पुढें आश्रमासाठीं वर्गणी जमविणाऱ्या स्त्रीची ती प्रत्यक्ष साक्ष आहे. याच विद्यापीठांत नीरा देसाई यांच्या पुढाकारानें १९७४ मध्यें स्त्री-अभ्यासाचें संशोधन केंद्र निघालें, आणि अशा साक्षींस प्रमाणाची योग्यता येऊं लागली. दप्तरांच्या याद्यांत मात्र बायकांचीं पत्रें अद्यापि पुष्कळदां ‘किरकोळ’ या सदराखालींच पडतात.