खुर्ची एक, सभापती दोन : सर जॉन एव्हरार्ड यांचा पेच

मित्रहो, गेल्या व्याख्यानात आपण निष्ठा आणि सदसद्विवेक यांच्या ताणाबद्दल तात्त्विक अंगाने बोललो. आज तोच ताण एका माणसाच्या आयुष्यात पाहायचा आहे. माणूस आयर्लंडचा, काळ सतराव्या शतकाची सुरुवात. नाव सर जॉन एव्हरार्ड.

इतिहासाच्या पुस्तकांत या गृहस्थांच्या वाट्याला बहुतेक वेळा एकच प्रसंग येतो, आणि तोही विनोद म्हणून. 18 मे 1613. डब्लिनच्या किल्ल्यात आयरिश संसद भरली आहे. सभापती निवडायचा आहे. सरकारचा उमेदवार सर जॉन डेव्हिस, आयर्लंडचे ॲटर्नी जनरल. विरोधी कॅथलिक सदस्यांचे उमेदवार एव्हरार्ड. इंग्लंडच्या प्रथेप्रमाणे डेव्हिसच्या बाजूचे लोक मोजणीसाठी सभागृहाबाहेर गेले. आत राहिलेल्यांनी तेवढ्यात एव्हरार्डना खुर्चीत बसवून टाकलं! बाहेरचे परत येऊन बघतात तर खुर्ची भरलेली. मग दोघा अधिकाऱ्यांनी स्थूल देहाच्या डेव्हिसना उचललं आणि सरळ एव्हरार्डच्या मांडीवर नेऊन ठेवलं. पुढे एव्हरार्डना ओढून खाली उतरवलं, आणि त्यांचा पक्ष सभात्याग करून निघून गेला.

हसू येतं, खरं आहे. पण आमचं म्हणणं असं की या हशात एक गंभीर प्रश्न बुडून जातो.

एव्हरार्ड हे काही दंगेखोर पुढारी नव्हते. टिपरेरी परगण्यातल्या फेथर्ड गावचं त्यांचं घराणं. ते ‘ओल्ड इंग्लिश’ समाजातले, म्हणजे शतकांपूर्वी इंग्लंडहून येऊन स्थायिक झालेल्यांचे वंशज. राजाशी एकनिष्ठ, धर्माने कॅथलिक. लंडनच्या इनर टेंपलमध्ये ते कायदा शिकले आणि आयर्लंडच्या किंग्ज बेंच न्यायालयात न्यायाधीश झाले. अडचण एकच होती. 1560 च्या कायद्याप्रमाणे पदाधिकाऱ्याने ‘सर्वोच्चतेची शपथ’ घ्यायची, म्हणजे धर्माच्या बाबतीतही राजाच सर्वश्रेष्ठ, पोप नव्हे, हे मान्य करायचं. बरीच वर्षं या शपथेबद्दल डोळेझाक होत असे. ती थांबली तेव्हा, 1607 मध्ये, एव्हरार्डनी शपथ न घेता न्यायाधीशपद सोडलं. बंड केलं नाही, देशही सोडला नाही. ऐहिक व्यवहारात राजाची आज्ञा पाळू, आत्म्याच्या व्यवहारात नाही, अशी ही भूमिका.

आता पुन्हा 1613 कडे या. सभागृह 232 जणांचं. प्रोटेस्टंट 132, कॅथलिक 100. फरक 32 चा. पण हा फरक आला कुठून? संसद भरण्याच्या सुमारास सरकारने सुमारे 40 नवे बरो, म्हणजे शहरी मतदारसंघ, निर्माण केले होते. बरेचसे अल्स्टरमध्ये, नव्या वसाहतींत. काही ठिकाणी शहर म्हणावं अशी वस्तीसुद्धा नव्हती. प्रत्येक बरोचे प्रतिनिधी दोन. तुम्हीच हिशेब करा.

तेव्हा एव्हरार्डच्या पक्षाचं म्हणणं होतं : आधी कोण सदस्य आहे ते ठरवा, मग सभापती निवडा. सरकारपक्ष म्हणे : सभापती नसेल तर सभागृहच अस्तित्वात येत नाही, मग सदस्यत्व ठरवणार कोण? म्हणजे आधी कोंबडी की आधी अंडं! पण ही नुसती शाब्दिक कसरत नव्हे. मत देण्याचा हक्क कोणाला, हे मतानेच ठरवायचं झालं तर त्या पहिल्या मतदानाला कोणाकोणाला घ्यायचं? कुठलीही सभा हा प्रश्न स्वतःच्या नियमांनी सोडवू शकत नाही. उत्तर बाहेरून यावं लागतं. डब्लिनमध्ये ते प्रथम दंडाच्या जोरावर आलं.

इथे आम्ही एव्हरार्डवरही टीका करू. बाहेर गेलेल्यांची संख्या 127 भरली; 232 मध्ये ते स्पष्ट बहुमत होतं. त्यामुळे ‘आत राहिलेल्यांनी निवडलं म्हणून मी सभापती’ हा दावा माजी न्यायाधीशाला शोभणारा नव्हता. खरा मुद्दा बोगस मतदारसंघांचा होता, तो खुर्ची बळकावण्याच्या धांदलीत झाकला गेला. कॅथलिक पक्षाने नंतर लंडनला जाऊन राजा पहिला जेम्स याच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं, तेव्हा कुठे तो नीट पुढे आला. राजाने त्यांना अर्धवट प्रजाजन म्हणून फटकारलं, हवे तितके बरो निर्माण करण्याचा आपला हक्क आहे असंही सुनावलं. पण निवडणुकीचे आदेश निघाल्यानंतर ज्यांना सनदा मिळाल्या, अशा बरोंच्या प्रतिनिधींना त्या संसदेतून दूर ठेवण्यात आलं. कॅथलिकांविरुद्धचे योजलेले कडक कायदेही बाजूला पडले. जे मांडीवरच्या झटापटीने मिळालं नाही, ते काही अंशी अर्जाने आणि युक्तिवादाने मिळालं.

इथेच गोष्ट संपवली तर एव्हरार्ड नायक ठरतील. पण 1614 मध्ये संसद पुन्हा भरली आणि टायरोनचा अर्ल ह्यू ओनील याच्यावरचं ‘अटेंडर’ विधेयक आलं. अटेंडर म्हणजे खटला न चालवता संसदेनेच एखाद्याला राजद्रोही ठरवून त्याची मालमत्ता सरकारजमा करणं. ओनील 1607 मध्ये देश सोडून गेला होता. त्याच वर्षी एव्हरार्डनी पद सोडलं होतं. दोघे कॅथलिक, दोघांवर एकाच सत्तेचा दाब. आणि एव्हरार्ड या विधेयकाच्या बाजूने बोलले! राजाने इतक्या मेहरबानी केल्या असताना उलटणं हा अधिकच मोठा अपराध, अशा आशयाचं. त्या जप्तीवर अल्स्टरच्या वसाहतींचा पाया पक्का झाला, आणि एव्हरार्डचं बहुमत हिरावून घेणारे बरो याच वसाहतींत उभे राहिले होते.

याला ढोंग म्हणायचं का? आम्हाला तसं वाटत नाही. त्यांच्या दृष्टीने हे सुसंगतच होतं : आत्मा देवाचा, जमीन राजाची. पण ही वाटणी करणाऱ्या माणसाला आपला विवेक वाचवता येतो, शेजाऱ्याचं घर वाचवता येत नाही. कदाचित ते वाचवावं असंही त्याला वाटत नाही. गेलिक सरदार त्यांच्या ‘आपल्या’ माणसांत कधी मोजलेच गेले नव्हते. मोजणीबद्दल भांडणाऱ्या माणसाने स्वतः केलेली ही मोजणी.

एव्हरार्ड 1624 मध्ये वारले. स्वतःसाठी शपथ नाकारायला धैर्य लागतं, ते त्यांच्याजवळ होतं. दुसऱ्याच्या जप्तीला नकार द्यायला आणखी काय लागतं, यावर पुढच्या वेळी बोलू. तोपर्यंत तुम्हीही विचार करून ठेवा. आज इथेच थांबतो.