उताऱ्याचा सूर

वाचनशक्तीची परीक्षा घेणाऱ्या प्रश्नपत्रिकांत उताऱ्याखालीं एक प्रश्न हटकून आढळतो: ‘लेखकाचा सूर कोणता?’ पुढें चार शब्द दिलेले असतात, उपरोधिक, सहानुभूतिपूर्ण, कडवट, तटस्थ. विद्यार्थ्यानें एकावर खूण करावयाची. प्रश्न वाईट नाहीं. लेखकानें काय सांगितलें एवढ्यावर न थांबतां तें कोणत्या वृत्तीनें सांगितलें हें ज्याला ओळखतां येत नाहीं, त्याला वाचतां येतें असें आम्ही म्हणणार नाहीं. आमची तक्रार निराळी आहे. सूर मोजण्याचीं हीं मापें कोणाच्या कानाचीं, हें कोणी विचारीत नाहीं.

कागलचे आनंद यादव (जन्म १९३५) यांची ‘झोंबी’ १९८७ मध्यें प्रसिद्ध झाली व तिला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शाळेसाठीं बापाशीं झगडणाऱ्या पोराची ही आत्मकथा. तिच्यांतील एक भाग ‘जूझ’ या नांवानें ‘वितान’ या बारावीच्या हिंदी पाठ्यपुस्तकांत गेला, आणि कागलच्या मळ्यांतला सूर दूरदूरच्या मुलांना परीक्षेपुरता ओळखावा लागला. बापाविषयीं लेखकाचा सूर कसा, असें विचारल्यास विद्यार्थी काय लिहील? बाप पोराला शाळेंतून काढून शेताला जुंपतो व स्वतः गांवांत हिंडतो. तेव्हां सूर कडवट! गुणही मिळतील. परंतु याच भागांत बापाचा गुऱ्हाळाचा हिशेब पुरता आला आहे: सगळ्यांचीं गुऱ्हाळें सुरू झालीं म्हणजे गुळाचा भाव उतरतो, म्हणून आपलें आधीं लावावें. केवळ कडवट लेखक प्रतिपक्षाची बाजू इतक्या निगुतीनें कशाला मांडील? येथें माणसें दोन बोलत आहेत, मार खाणारें पोर आणि पन्नाशीला आलेला मराठीचा प्राध्यापक. एकाचा राग दुसऱ्याच्या तोंडून येतांना निवत जातो. ग्रंथाचें नांवच पाहा. झोंबी ही कुस्तींतली. ज्याच्याशीं ती घ्यावयाची त्याला अंगाशीं धरावेंच लागतें. हिंदी नांवांत झुंज राहिली, ती अंगलट मात्र गेली.

आय. ए. रिचर्ड्स यांनीं १९२९ सालच्या ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’मध्यें अर्थ, भावना, सूर व हेतु असे चार पदर वेगळे केले आहेत. वर्ण्य विषयासंबंधींची वृत्ति ती भावना. ऐकणाराशीं असलेली वृत्ति तो सूर. आमच्या प्रश्नपत्रिका या दोहोंची सर्रास गल्लत करितात. आमच्याकडे तर भरतानेंच ‘काकु’ म्हणून आवाजाच्या फेराचा विचार करून ठेविला आहे, पण तो बी.ए.च्या वर्गाबाहेर फारसा पडत नाहीं.

आतां कागलकडचें एक साधें वाक्य घ्या. उन्हांतून आलेल्या पोराला आई म्हणते, ‘मुडद्या, जेव की आधी!’ शब्दांवर जाल तर शाप; ऐकणाराच्या लेखीं निव्वळ माया. हें वाक्य उताऱ्यांत घालून खालीं ‘क्रोध, तिरस्कार, उपरोध, उदासीनता’ असे पर्याय छापले, कीं शहरी परीक्षकाला कांहींच खटकणार नाहीं. पण त्याच बोलींत वाढलेला मुलगा तेथें अडतो. खरें उत्तर यादींत नाहीं हें त्याला कळतें. गुणांसाठीं तो ‘क्रोध’ या शब्दावर खूण करितो आणि आपल्या घरचें बोलणें असेंच वाचावयाचें असतें हें शिकतो. चुकीच्या गुणांपेक्षां आम्हांस या शिकण्याची चिंता अधिक वाटते.

हजारों उत्तरपत्रिका तपासावयाच्या तर पर्याय हवेत, हें आम्हांस मान्य आहे. (पर्याय काढणाराची घाईही आम्ही जवळून पाहिली आहे.) तथापि वर्गांत तरी ही सक्ति नाहीं. ‘झोंबी’तील सौंदलगेकर मास्तर कविता गाऊन, हावभाव करून शिकवितात, तीच कविता तें पोर पुढें पिकाला पाणी पाजतांना एकटेंच म्हणतें, चाली बदलून पाहतें. सूर बदलला कीं अर्थ कसा हलतो, हें त्यानें कोणत्याही यादीवांचून जाणलें. शिक्षकानें निदान उतारा मोठ्यानें वाचून घ्यावा, दोन मुलांकडून दोन तऱ्हांनीं, आणि मग विचारावें: ‘कडवट म्हणालास ना? कोणत्या शब्दापाशीं तसें वाटलें, तो दाखव.’